परतीचा चढ आधी मोजावा : गाविलगडच्या डोंगरात पायी फिरणाऱ्या नवख्यांसाठी

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या उत्तरेला, पूर्णा नदीच्या काळ्या मातीच्या सपाट खोऱ्याला लागून जी डोंगररांग एकाएकी उभी राहते ती गाविलगडची रांग होय. ही सातपुड्याची दक्षिणेकडील शाखा असून तिचा वऱ्हाडाकडे तोंड केलेला उतार उभा आहे, तर उत्तरेकडे ती मेळघाटातील सागाच्या जंगलांमधून टप्प्याटप्प्याने तापीकडे उतरत जाते. अमरावती शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३४३ मीटर उंचीवर आहे, चिखलदऱ्याचे पठार सुमारे १,११८ मीटरवर आहे आणि जवळचे वैराट हे या रांगेतील सर्वांत उंच ठिकाण सुमारे १,१७८ मीटरवर आहे. याचाच अर्थ असा की परतवाडा सोडून घाट चढू लागलेली एस.टी. चिखलदऱ्याला पोहोचेपर्यंत प्रवाशाला जवळपास साडेसातशे मीटर उंच नेऊन सोडते आणि तोपर्यंत प्रवाशाच्या पायांना एक पाऊलही चढावे लागलेले नसते. नवख्याने हा आकडा आरंभीच लक्षात घ्यावा, कारण या भागात पायी फिरण्याचे बहुतेक नियम त्याच्याशी बांधलेले आहेत.

डोंगरात पायी फिरणे म्हणजे गिर्यारोहण नव्हे. गिर्यारोहणात दोर, खिळे आणि कातळावर चढण्याचे शिक्षण लागते. पायी फिरण्यात मळलेल्या किंवा ओळखू येणाऱ्या वाटेने चालणे, दिवसाउजेडी परतणे आणि वाटेत आपला भार दुसऱ्यावर न टाकणे एवढेच अभिप्रेत असते. या साध्या छंदाची एक जुनी आणि शिस्तबद्ध परंपरा स्कॉटलंडमध्ये सापडते. तेथे सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये ३,००० फुटांहून, म्हणजे सुमारे ९१४ मीटरहून उंच शिखरांची यादी प्रसिद्ध केली. आज त्या यादीत २८२ शिखरे असून त्यांना ‘मन्रो’ म्हणूनच ओळखले जाते आणि एकेक करून ती सर्व पायी गाठणे हा तेथील हजारो लोकांचा आयुष्यभराचा संकल्प असतो. नुसत्या उंचीचा विचार केला तर चिखलदऱ्याचे आख्खे पठार त्या यादीच्या मर्यादेपेक्षा उंच भरते. परंतु बेन नेव्हिस या तेथील सर्वोच्च, १,३४५ मीटर उंचीच्या शिखराची वाट जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि ती सगळी उंची माणसाला स्वतःच्या पायांनी मिळवावी लागते. सह्याद्रीतही तसेच घडते. गडाच्या पायथ्याचे गाव गाठायचे, सकाळच्या ताज्या दमात चढायचे आणि थकल्यावर उतरायचे, हा क्रम तेथे गृहीत धरलेला असतो, आणि मराठीत गडकोटांविषयी जे मार्गदर्शन छापले गेले ते बहुतेक याच क्रमाने लिहिलेले आहे.

चिखलदऱ्यात हा क्रम उलटतो. वाहन पठारावर थांबते, वाट दरीकडे वळते, पहिला तास उताराचा असल्यामुळे चालणे सोपे वाटते आणि चढ येतो तो शेवटी, म्हणजे पाय थकलेले, पाण्याची बाटली अर्धी झालेली आणि ऊन डोक्यावर आलेले असते तेव्हा. स्कॉटलंडमध्ये किंवा सह्याद्रीत दमलेला माणूस अर्ध्यातून मागे फिरला तर त्याच्या वाट्याला उतार येतो. येथे मागे फिरणाऱ्याच्याच वाट्याला चढ येतो. ‘जमेल तेवढे जाऊ, नाही जमले तर परतू’ हा एरवी शहाणपणाचा समजला जाणारा विचार या डोंगरात म्हणूनच फसवा ठरतो. येथे निघण्यापूर्वीच परतीच्या चढाचा हिशेब मांडावा लागतो आणि तो मांडता येणे हेच नवख्याचे पहिले शिक्षण होय.

हा हिशेब मांडण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला एक सोपा नियम आजही उपयोगी पडतो. चालण्याच्या दर तीन मैलांना एक तास आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास, असा तो नियम असून मेट्रिक मापात तो साधारणपणे पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाला एक तास असा मांडला जातो. एखादी फेरी जाऊन-येऊन आठ किलोमीटरची आणि तिच्यातला चढ ३५० मीटरचा असेल, तर या नियमाप्रमाणे तिला सुमारे दोन तास दहा मिनिटे लागतील. पण हा वेळ थंड हवेत चालणाऱ्या, सराव असलेल्या आणि मध्ये न थांबणाऱ्या माणसाचा आहे. वऱ्हाडातील हवा, दगडधोंड्यांची वाट आणि नवख्यांचा गट लक्षात घेतला तर तासाला तीन किलोमीटर आणि तीनशे मीटर चढाला एक तास असा हिशेब धरणे अधिक सुरक्षित आहे. तसे केल्यास त्याच फेरीला सुमारे तीन तास पन्नास मिनिटे लागतात आणि त्यात न्याहारीची विश्रांती वेगळी मिळवावी लागते. गटाचा वेग त्यातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्यावरून धरावा. उतरताना लागलेला वेळ घड्याळात पाहून परतीसाठी निदान त्याच्या दीडपट वेळ राखावा आणि सोबतच्या पाण्यापैकी दोन तृतीयांश पाणी परत फिरण्याच्या क्षणी शिल्लक असावे, एवढे दोन नियम पाळले तरी बहुतेक फजिती टळते.

वेळेनंतरचा प्रश्न ऋतूचा, आणि वऱ्हाडात तोच निर्णायक आहे. उंचीप्रमाणे हवेचे तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे अकोल्यात किंवा अमरावतीत पारा ४५ अंशांवर असताना चिखलदऱ्याच्या पठारावर चार-पाच अंशांचाच दिलासा मिळतो आणि दरीत उतरणारा माणूस तो दिलासाही पावलागणिक गमावत जातो. मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत नवख्याने लांबच्या वाटेला जाऊ नये, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. या काळात सागाची पाने गळून उतारावर त्यांचा थर साचतो, मोठ्या, कोरड्या पानांखाली सुटे दगड झाकले जातात आणि पाय घसरतो. सावली नसते, नाले आटलेले असतात आणि वणव्याचे भय असते. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानते, म्हणून या दिवसांत जंगलात काडी ओढणे, बिडी-सिगारेट पेटवणे किंवा चहासाठी चूल मांडणे हा केवळ निष्काळजीपणा नसून गुन्हा ठरतो. याच दिवसांत मोह फुलतो. पहाटे झाडाखाली पडलेली फुले वेचायला येथील कोरकू आदिवासी बायका-माणसे येतात आणि तीच फुले खायला अस्वलेही येतात. त्यामुळे मार्च-एप्रिलमधील पहाटेचा अंधार मोहाच्या झाडांच्या आसपास टाळलाच पाहिजे.

चालायला सर्वांत चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. हवा स्वच्छ असते, पाय थकले तरी ऊन जाळत नाही, आणि आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात हाताशी असल्यामुळे वाटेच्या खाण्याचाही प्रश्न सुटतो. मात्र डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि दरीच्या तळाशी त्याआधी तासभर सावली पसरते, म्हणून दुपारी तीन वाजता गट परतीच्या चढाचा बहुतेक भाग संपवून पठाराजवळ आलेला असावा.

पावसाळ्यातील चिखलदऱ्याचे आकर्षण मोठे आहे आणि ते रास्तही आहे. खालच्या सपाटीच्या जवळपास दुप्पट पाऊस येथे पडतो, जुलै-ऑगस्टात धुके दिवसचे दिवस पठार सोडत नाही, आणि धुके, वारा व झिमझिम पाऊस या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की वऱ्हाडातील डोंगर स्कॉटलंडच्या डोंगराशी खरोखरच नाते सांगू लागतो. त्यामुळे तेथील अनुभवातून तयार झालेले नियम या दोन-तीन महिन्यांत येथेही जसेच्या तसे लागू पडतात. धुक्यात नवख्याने डांबरी सडक किंवा किल्ल्याचा तट यांसारखी हाताला धरून नेणारी खूण सोडू नये. कड्याच्या टोकाशी गवत वाढून पुढे लोंबते आणि खाली आधार नसलेली जमीनही भरीव दिसते, म्हणून कठड्याच्या पलीकडे एक पाऊलही टाकू नये. छायाचित्रासाठी तर नाहीच. भिजलेल्या अंगावर वारा बसला की शरीराची उष्णता झपाट्याने उतरते, माणूस थरथरू लागतो, बोलणे अडखळते आणि साधे निर्णयही चुकू लागतात. ही अवस्था बर्फातच येते असा समज आहे, परंतु ओल्या सुती कपड्यांत पंधरा-अठरा अंशांच्या वाऱ्यातही तिची सुरुवात होऊ शकते. अशा वेळी ओले कपडे काढून कोरडे घालणे, आडोसा गाठणे आणि शुद्धीत असलेल्या माणसाला गरम, गोड पेय देणे हा पहिला उपाय होय. नाल्याचे पाणी गढूळ झाले, त्यात पालापाचोळा वाहू लागला किंवा ते गुडघ्याच्या वर चढले तर ओलांडू नये, कारण वरच्या अंगाला पडलेला पाऊस खाली काही मिनिटांत पोहोचतो. जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातील विजांच्या वेळी कडे, उघडे माथे आणि एकटी झाडे सोडून सखल जागी यावे व गटातील माणसांनी एकमेकांपासून अंतर ठेवावे.

पाय कोठे टाकता येतो, हाही येथे कायद्याचा प्रश्न आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला जवळपास सर्व मोकळ्या जमिनीवरून चालण्याचा हक्क दिला आहे. मेळघाटात तसा हक्क नाही, आणि तो नसण्याचे कारण समजून घेणे हे चालणाऱ्याच्या संस्कारांत मोडते. मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असून १९७३-७४ पासून त्याला संरक्षण आहे. गुगामल राष्ट्रीय उद्यान आणि नरनाळा अभयारण्य हे त्याचेच भाग आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अशा क्षेत्रात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही. कोअर, म्हणजे वाघासाठी राखलेल्या आतल्या भागात, पर्यटकाला ठरावीक रस्त्यांवरून वाहनानेच जाता येते आणि पावसाळ्यात तेथील पर्यटन बंद असते; बफर, म्हणजे त्याभोवतालच्या पट्ट्यात, वनखात्याने आखून दिलेल्या वाटांवर मार्गदर्शकासोबत चालता येते. कोणती वाट कधी खुली आहे हे हंगामानुसार बदलते, त्यामुळे परतवाडा, चिखलदरा किंवा अकोट येथील वनखात्याच्या कार्यालयात अथवा प्रवेशनाक्यावर विचारूनच बेत पक्का करावा. समाजमाध्यमांवर दिसणाऱ्या ‘अनोळखी’ धबधब्यांच्या मागे लागून वनरक्षकाला चुकवत आत शिरणे हे धाडस नव्हे. त्यात वाघालाही त्रास आहे आणि अपघात झाल्यास शोध कोठे घ्यायचा हेही कोणाला ठाऊक नसते.

नवख्याने थेट दरीला भिडू नये. अमरावतीकराला वडाळी आणि छत्री तलावाकडचा रस्ता सरावाला पुरेसा आहे. पलीकडच्या पोहरा-मालखेडच्या जंगलात बिबट्याचा वावर असल्यामुळे पहाटेच्या अंधारात किंवा एकट्याने आडरानात शिरू नये. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ मध्ये स्थापन झालेली संस्था ज्या शहरात आहे तेथे दमसास आणि मांड्या कशा कमवाव्यात हे निराळे सांगायला नको, तरी एवढे नमूद केले पाहिजे की सपाटीवरचे चालणे उताराची तयारी करून देत नाही. त्यासाठी जिने उतरण्याचा सराव लागतो. आठवड्यातून तीन वेळा, पाठीवर चार-पाच किलो वजन घेऊन, वीस-पंचवीस मिनिटे जिने चढणे-उतरणे महिना-दीड महिना केले की गुडघे चिखलदऱ्याला तयार होतात. अकोल्याच्या सपाटीत राहणाऱ्याला पातूरची रेणुकामातेची टेकडी याच कारणासाठी सोयीची आहे. त्यानंतरचा टप्पा म्हणून परतवाड्याजवळचे, परंतु मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात असलेले मुक्तागिरी निवडावे. बावन्न जैन मंदिरांच्या या क्षेत्री पायऱ्यांची बांधीव वाट आहे, त्यामुळे चढ-उताराचा अंदाज येतो आणि वाट चुकण्याचे भय नसते. मोर्शी तालुक्यातील सालबर्डीही तशीच, मात्र महाशिवरात्रीच्या यात्रेची गर्दी सोडून जावे.

चिखलदऱ्यातील पहिला दिवस पठारावरच काढावा. देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड आणि वैराट ही ठिकाणे लोक एका दुपारी वाहनातून उतरून-चढून उरकतात. यांतील दोन-तीन ठिकाणे सकाळच्या उजेडात सडकेने पायी जोडली की सहा ते दहा किलोमीटरचे उत्तम चालणे होते, पठाराची रचना कळते आणि पुढच्या दिवशी जी दरी उतरायची ती वरून नीट पाहून घेता येते. पठाराच्या कड्यावरून गाविलगडाचा तट दिसतो. तो तेथे उभे राहून पाहिल्याशिवाय गडावर जाऊ नये, असे सुचवावेसे वाटते, कारण या गडाचे सगळे मर्म त्याच्या जागेत आहे.

गाविलगड दक्षिणेकडे तुटलेल्या कड्यांवर उभा आहे आणि उत्तरेकडे मात्र चिखलदऱ्याच्या पठाराशी जोडलेला आहे. बहमनी सुलतान अहमदशाह वली याने १४२५ मध्ये तो बांधल्याचे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. त्याआधी गवळ्यांची वस्ती व गढी येथे असावी असे नावावरून मानले जाते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावच्या लढाईत मराठी फौजांचा पराभव झाल्यावर इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन या गडाकडे वळले, तेव्हा दक्षिणेचा कडा चढून तोफा नेणे अशक्य आहे हे ओळखून स्टीव्हन्सनने एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथून डोंगरांना वळसा घालून उत्तर बाजू गाठली. ७ ते १२ डिसेंबर असे सहा दिवस त्याचे सैनिक आधी वाट फोडत आणि मग जड तोफा हातांनी ओढत दऱ्याखोऱ्यांतून सरकत होते. १५ डिसेंबरला बाहेरचा कोट पडला, पण तो आणि आतला कोट यांच्यामध्ये खोल घळ असल्यामुळे तेथे तोफांचा उपयोग झाला नाही. अखेरीस ‘स्कॉच ब्रिगेड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ९४ व्या पलटणीतील कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने घळ उतरून, पलीकडचा चढ चढून आणि तटाला शिड्या लावून आत प्रवेश केला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. स्कॉटलंडच्या डोंगरांत वाढलेली माणसे वऱ्हाडच्या डोंगरात चढली ती अशी, कोणाचे तरी घर उद्ध्वस्त करायला. आणि गडावर हिंडणाऱ्याने बेनीसिंहाच्या शिबंदीचे स्मरण ठेवावे, एवढे त्या मातीचे देणे लागते.

चालणाऱ्याच्या दृष्टीने या इतिहासातून दोन गोष्टी निघतात. गडाला उत्तरेकडून, पठाराच्या बाजूने जावे. आणि बाहेरचा कोट ते आतला कोट यांमधला उतार-चढ हिशेबात धरल्याशिवाय वेळ ठरवू नये. गडाचा विस्तार मोठा आहे, आत तलाव, मशीद, दरवाजे आणि बुरूज विखुरलेले आहेत व सर्व पाहायचे तर चार-पाच तास सहज जातात. गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असल्याने नाक्यावर नोंद करून दिवसाच जावे, मुक्काम करू नये. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत गवत कमरेपर्यंत, काही ठिकाणी पुरुषभर वाढलेले असते आणि त्याखाली पडक्या भिंतींचे चिरे, हौद आणि उघडे खड्डे दडलेले असतात. अशा जागी काठी पुढे टेकवून, तिला जमीन लागल्याची खात्री करून मगच पाऊल टाकावे. पडक्या खोल्यांत आणि तळघरांत डोकावण्याचा मोह आवरावा, कारण दुपारच्या वेळी त्या थंड अंधारात अस्वल किंवा बिबट्या विसावलेला असू शकतो. दरवाजांच्या कमानींखाली आणि कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळे लटकलेली असतात. त्यांच्या आसपास आरडाओरडा, धूर आणि उग्र अत्तर या तिन्ही गोष्टी निषिद्ध समजाव्यात. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड दुपट्ट्याने झाकून, वाट दिसत असेल त्या दिशेने लांब निघून जावे.

अकोलेकरांचा जवळचा गड म्हणजे अकोट तालुक्यातील नरनाळा. पायथ्याच्या शहानूर गावी वनखात्याचा नाका असून तेथून वर जाण्याची परवानगी आणि मार्गदर्शक मिळतो. पायी की वाहनाने, हे तेथील चालू नियमांप्रमाणे ठरते. तेलियागड, नरनाळा आणि जाफराबाद असे तीन गड एकमेकांना लागून असल्यामुळे त्याचा पसारा गाविलगडाच्या तोडीचा आहे. येथील महाकाली दरवाजा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने १४८७ मध्ये बांधला. त्यावरील नक्षी आणि कोरीव अक्षरे सकाळच्या तिरप्या उन्हात सर्वांत चांगली दिसतात. नवगजी तोफ, राणी महाल आणि शक्कर तलाव एवढे पाहून दुपारपूर्वी खाली यावे. गडावरील टाक्यांत आणि तलावांत पाणी दिसले तरी ते पिण्याजोगे धरू नये.

वन्य प्राण्यांविषयी नवख्याच्या मनात वाघाचे भय सर्वांत मोठे असते, परंतु पायी चालणाऱ्याने अधिक सांभाळून राहायचे ते अस्वलापासून. अस्वलाची दृष्टी अधू असते, समोरासमोर गाठ पडली की ते बिचकून अंगावर येते; म्हणून झुडपांच्या वळणावर संथ आवाजात बोलत चालावे, मुले गटाच्या मध्ये ठेवावीत आणि प्राणी दिसल्यास पाठ न दाखवता, न पळता, हळूहळू मागे सरावे. साप दिसला तर तो जाईपर्यंत थांबावे. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांपैकी कोणताही साप चावल्याचा संशय असला तर जखम कापणे, चोखणे किंवा वर आवळून बांधणे हे सर्व प्रकार घातक आहेत. चावलेला अवयव काठीच्या आधाराने स्थिर करून, रुग्णाला शक्यतो न चालवता, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने चिखलदऱ्याचे ग्रामीण रुग्णालय, अचलपूरचे उपजिल्हा रुग्णालय, अमरावतीचे इर्विन किंवा अकोल्याचे शासकीय रुग्णालय गाठावे. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही.

साहित्याची यादी लांबवण्यात अर्थ नाही. पायांत जुने, वापरून सैल झालेले पण तळाची नक्षी शाबूत असलेले बूट असावेत आणि उतारात अंगठा पुढे आपटू नये म्हणून नाड्या घोट्याशी घट्ट बांधाव्यात. थंडीत आणि उन्हात सुती कपडा चांगला, पावसात मात्र चटकन सुकणारा कृत्रिम धाग्याचा कपडा वापरावा आणि एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकमध्ये ठेवावा. डोक्याला वऱ्हाडी पद्धतीने बांधलेला दुपट्टा टोपीपेक्षा सरस, कारण तो कानशिले आणि मानही झाकतो. माणशी तीन लिटर पाणी हे किमान प्रमाण होय. घाम फार आला तर नुसते पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेले मिश्रण सोबत असावे. दशम्या, ठेचा, गूळ-शेंगदाणे, फुटाणे आणि संत्री यांपेक्षा अधिक चांगली शिदोरी या भागात शोधूनही सापडणार नाही. संत्र्याची साल मात्र परत आणावी. शिटी, हेडटॉर्च, काठी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा या बाकीच्या आवश्यक वस्तू.

मोबाइलच्या रेंजवर भिस्त ठेवू नये. मेळघाटात ती पुष्कळ ठिकाणी मिळत नाही. नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचा पन्नास हजारांत एक या प्रमाणाचा नकाशा मिळाल्यास तोच वाचायला शिकावे. त्यावरील समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या तपकिरी रेषा, जवळजवळ आल्या की उतार उभा आहे असे समजावे. दरीच्या तळापासून पठारापर्यंत किती रेषा ओलांडल्या जातात हे मोजले की परतीचा चढ कागदावरच कळतो. कोणत्या वाटेने, किती जण आणि किती वाजेपर्यंत परत येणार हे मुक्कामाच्या ठिकाणी लिहून द्यावे व त्या वेळेपर्यंत गट परतला नाही तर वनखात्याला आणि ११२ वर कळवायचे, हेही सांगून ठेवावे. स्कॉटलंडमध्ये अडकलेल्यांना शोधायला स्वयंसेवकांची प्रशिक्षित पथके निघतात; मेळघाटात बहुतेक वेळा हे काम वनमजूर आणि जवळच्या गावातील कोरकू तरुण करतात, आपली कामे टाकून आणि रात्रीच्या जंगलात स्वतःचा जीव धोक्यात घालून. त्यांच्यावर ती वेळ येऊ न देणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

याच कारणाने स्थानिक वाटाड्या घेण्याचा आग्रह धरला पाहिजे. त्याला ठरलेली मजुरी पूर्ण द्यावी, घासाघीस करू नये आणि त्याने ‘पुढे नको’ म्हटले की कारण न विचारता थांबावे. गावांतून जाताना माणसांची छायाचित्रे परवानगीशिवाय घेऊ नयेत. पूर्वजांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव लाकडी फलक आणि झाडाखालची देवस्थाने यांना हात लावू नये, बूट घालून जवळ जाऊ नये.

उतरण्याचे तंत्र शेवटी सांगायचे ते यासाठी, की वाचून ते येत नाही, करूनच येते. पावले लहान ठेवावीत, गुडघा ताठ न करता किंचित वाकवलेला असावा, शरीराचा भार मागे झुकवू नये, आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या बारीक खड्यांच्या उतारावर, पाऊल आडवे टाकावे. पुढच्या माणसाच्या अगदी वर राहून दगड खाली जाऊ देऊ नये. गेलाच तर लगेच ओरडून सांगावे. चढताना दम लागून बोलणे तुटू लागले तर वेग जास्त आहे असे समजून तो कमी करावा. दर पन्नास मिनिटांनी पाच मिनिटे उभ्यानेच थांबणे हे दर दहा मिनिटांनी बसण्यापेक्षा बरे. डोके दुखू लागणे, मळमळणे, घाम येणे थांबणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही उष्माघाताची लक्षणे दिसताच रुग्णाला सावलीत आडवे करून, कपडे सैल करून, मानेवर, काखेत आणि जांघेत ओले फडके ठेवावे व वारा घालावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने पाणी देऊ नये.

एक हिवाळा असा गेला की दुसऱ्या वर्षी त्याच वाटा कमी वेळात होतात आणि गटातल्या नव्या माणसाची सॅक घ्यायला खांदा मोकळा राहतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी एडिंबरा-ग्लासगोकडे जाणाऱ्या वऱ्हाडी मुलामुलींनी तेथील डोंगर अवश्य चढावेत, परंतु तेथे चढ आधी असतो, डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, शिखरावरचा वारा उन्हाळ्यातही गारठवतो आणि मदतीसाठी ९९९ वर पोलिसांकडे ‘माउंटन रेस्क्यू’ मागावी लागते, ही माहिती निघण्याआधी वहीत टिपून ठेवावी.